वळूची पेंड आणि ई जीवनसत्त्व

गाय दोनदा उलटली, म्हणजे वळू दाखवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की कोकणात दोष गायीचाच. मग देवळात गाऱ्हाणं, नारळ, कुणी दृष्टही काढतं. वळूकडे कुणी बघत नाही. उलट तो थकला असेल म्हणून त्याच्या घमेल्यात सरकीच्या पेंडीची आणखी एक ओंजळ पडते. नेमकी तीच कधीकधी नडते.

सरकीचा दाणा कापला की बारीक काळे ठिपके दिसतात. त्या ग्रंथींत गॉसिपॉल असतं, कपाशीने किडींसाठी केलेली तजवीज. 1970 च्या दशकात चीनमध्ये आठ हजारांहून अधिक पुरुषांना ते गर्भनिरोधक म्हणून दिलं गेलं. पण काहींचं रक्तातलं पोटॅशियम घसरलं, काहींची प्रजननक्षमता परतलीच नाही आणि बेत बारगळला. रवंथ करणाऱ्यांच्या पोटातले जंतू बरंचसं गॉसिपॉल प्रथिनांशी बांधून निकामी करतात, म्हणून गायी-म्हशींना पेंड चालते. अती झालं की हा बंदोबस्त अपुरा पडतो.

आता खरी गंमत. शुक्रजंतूच्या आवरणात असंपृक्त मेदाम्लं ठासून भरलेली असतात. आवरण लवचिक राहतं ते त्यांच्यामुळे. पण त्यांच्या दोन दुहेरी बंधांमधल्या कार्बनवरचा हायड्रोजन फार सैल. एखादा मुक्त मूलक (एकटा इलेक्ट्रॉन घेऊन जोडीदार शोधणारा आक्रमक रेणू) तो हिसकावतो, आणि गॉसिपॉलमुळे असे मूलक वाढतात. लुटलं गेलेलं मेदाम्ल ऑक्सिजन पकडून स्वतःच पेरॉक्सिल मूलक बनतं आणि शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढतं. गवताने शाकारलेल्या वाडीत एका छपराची ठिणगी दुसऱ्यावर जावी, तसं हे पसरतं. इतर पेशींकडे विझवायला भरपूर विकरं (एन्झाइम) असतात. शुक्रजंतूत पेशीद्रवच जेमतेम. ई जीवनसत्त्व मात्र त्या आवरणातच बसलेलं असतं. ते आपला हायड्रोजन पेरॉक्सिलला देऊन टाकतं, साखळी तुटते. त्यातून ई स्वतः मूलक होतं खरं, पण सुस्त. क जीवनसत्त्व त्याला पुन्हा पूर्ववत करतं.

अमेरिकेत गॉसिपॉलयुक्त खाद्य दिलेल्या तरुण वळूंच्या वीर्याची प्रत ढासळली. सोबत ई मिळालेल्यांची बरीच टिकली. यावरून ‘मर्दानी ताकदी’च्या कॅप्सुला विकणाऱ्यांनी उड्या मारू नयेत. 2020 साली तिथेच प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वंध्यत्व असलेल्या पुरुषांना ई, क वगैरे देऊनही वीर्य सुधारलं नाही.

ई मुबलक असतं हिरव्या चाऱ्यात. पावसाळ्यात कोकणात त्याला तोटा नाही. चैत्र-वैशाखात मात्र भाताचा पेंढा, ज्यातलं ई वाळवण्या-साठवण्यात गेलेलं, आणि त्याची भरपाई म्हणून घाटावरून आलेलं सरकी पेंडीचं पोतं. विष वाढतं तेव्हाच उतारा घटतो. त्या दिवसांत वळूला शेंगदाण्याची किंवा खोबऱ्याची पेंड बरी (बुरशी धरलेली नको, तिचं विष वेगळंच). फरक मात्र लगेच दिसणार नाही. वळूच्या शरीरात शुक्रजंतू घडायला साधारण 61 दिवस लागतात.