पार्श्वभूमी: ब्लू गूज, स्नो गूज आणि ‘संकर’ या शब्दाचा घोळ

थव्यात एखादा हंस वेगळा दिसला की चोच, पाय, मानेचा रंग बघून तो संकर आहे का हे ठरवतात. पण संकर ठरायला आधी दोन जाती ठराव्या लागतात, आणि जातींची यादी काही स्थिर राहिलेली नाही. उत्तर अमेरिकेतल्या ब्लू गूज या रानहंसाची गोष्ट याच घोळाची आहे.

राखी-निळसर अंग आणि पांढरं डोकं असलेल्या या पक्ष्याला 1758 साली शास्त्रीय नाव मिळालं. पांढऱ्या स्नो गूजला वेगळं नाव मिळालं ते 1769 साली. पुढे दोन शतकं या दोन जातीच मानल्या गेल्या. ब्लू गूज वीण कुठे घालतो हेच 1929 पर्यंत गूढ होतं. त्या वर्षी कॅनडातल्या बॅफिन बेटावर त्याची घरटी सापडली. निळ्या-पांढऱ्या जोड्या मात्र दिसत होत्या, आणि त्यांच्या पोटी पांढऱ्या पोटाचे निळे पक्षी निपजत. दोन जाती मानल्यावर हे संकर, यात कुणाला शंका असायचं कारण नव्हतं.

1973 साली नावांची यादी सांभाळणाऱ्या समितीने दोन्ही एकच जात ठरवली आणि हे सगळे ‘संकर’ एका फटक्यात साधे पक्षी झाले. जुनं नाव टिकतं या नियमामुळे पांढऱ्या पक्ष्यालाही शास्त्रीय नाव ‘निळसर’ असंच चिकटलं! निर्णयाला अडचण एकच होती: जोड्या सरसकट जमत नव्हत्या. हडसन उपसागराच्या किनाऱ्यावर 1968 पासून चाललेल्या अभ्यासात दिसलं की पिल्लू मोठं झाल्यावर आईबापांच्या रंगाचा जोडीदार शोधतं. वेगळेपणाचा हा भक्कम पुरावा वाटतो खरा, पण ही आवड लहानपणी पडलेल्या सवयीची आहे, रक्तातली नाही. 2004 साली तर हा रंग एकाच जनुकातल्या बदलाने येतो हेही सिद्ध झालं. माझ्या मते 1973 चा निर्णय योग्यच होता, फक्त फार उशिरा झाला.

त्याच 2004 साली उलटंही घडलं. काळ्या मानेच्या कॅनडा गूजमधून छोट्या चणीचा कॅकलिंग गूज वेगळी जात म्हणून काढला गेला. कालपर्यंत एकाच जातीतल्या मानलेल्या जोड्यांची पिल्लं रातोरात संकर झाली. दोघांच्या आकारमानात मधली साखळी असल्यामुळे असा संकर नुसत्या दुर्बिणीतून सांगणं जवळपास अशक्यच.

स्नो गूज आणि त्याच्यासारखाच पांढरा पण लहान असा रॉस गूज यांचा संकर त्या मानाने पकडता येतो. रॉसच्या चोचीच्या बुडाशी निळसर खडबडीत भाग असतो आणि चोच-पिसांची सीमा सरळ उभी असते. स्नो गूजच्या चोचीच्या कडेला ठळक काळी फट दिसते. संकरात फट असते, पण बारीक, आणि सीमा किंचित वळते. नेमक्या याच पक्ष्यांमुळे निळ्या रंगाचा ‘रॉस गूज’ दिसला की जाणकारही आधी चोच तपासतात.

युरोपात सतराव्या शतकात आणलेला कॅनडा गूज आणि तिथला राखी रानहंस ग्रेलॅग यांच्या संकराला मात्र कुठलीच यादी हात लावू शकत नाही, कारण ते दोघे वेगळ्या प्रजातींतले (जीनस, म्हणजे जातीच्या वरचा गट). फिकट डागाळलेला चेहरा आणि काळ्याऐवजी नारिंगीकडे झुकणारे पाय, एवढ्यावर तो बहुधा ओळखू येतो. पाळीव हंसाचं रक्त मिसळलं असेल तर पांढरे ठिपके कुठेही उगवतात आणि मग अंदाज बांधणंही कठीण होतं.