बरोबर एक दिवसाचा तारा

महिनाभर रात्री जागून एखादी विद्यार्थिनी एका ताऱ्याची तेजस्विता मोजते, आकडे संगणकात घालते आणि धावत येते : हा तारा बरोबर एका दिवसाने कमी-जास्त होतो! मुरलेला मार्गदर्शक शाबासकी आवरती घेतो. ‘निरीक्षणं कधी घेतलीस?’ रात्रीच, दुसरं कधी घेणार? एकाच जागेवरून फक्त रात्री पाहिलं, की ताऱ्यात नसलेला चोवीस तासांचा ठेका आकड्यांत उतरतो. तो ठेका पृथ्वीच्या फिरण्याचा.

गणिताच्या पुस्तकात उत्तर मागच्या पानावर असतं, त्यामुळे आपल्याच उत्तरावर संशय घ्यायची सवय तिथे लागत नाही. खगोलशास्त्र शिकवताना ती मुद्दाम लावावी लागते. माझ्या मते त्यासाठी १९९१ची एक गोष्ट प्रत्येक वर्गात सांगावी. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ अँड्र्यू लाइन आणि सहकाऱ्यांनी एका स्पंदकाभोवती (पल्सर, म्हणजे वेगाने फिरणारा आणि ठरावीक वेळाने रेडिओ-स्पंद पाठवणारा मृत तारा) ग्रह सापडल्याचं त्या वर्षी जाहीर केलं. ग्रहाची फेरी सहा महिन्यांची, म्हणजे पृथ्वीच्या वर्षाच्या निम्मी. मनात पाल चुकचुकावी असाच आकडा! पुढे खुद्द लाइन यांनाच चूक सापडली. आकाशातली स्पंदकाची जागा किंचित चुकीची धरली होती आणि पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, हे हिशेबात नीट आलं नव्हतं. जानेवारी १९९२मध्ये अटलांटा इथल्या परिषदेत त्यांनी भर सभेत ग्रह मागे घेतला. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. गंमत म्हणजे, त्यांच्यानंतर बोलायला उभे राहिलेल्या अलेक्झांडर वोल्श्चान यांचे स्पंदकाभोवतीचे ग्रह मात्र खरे निघाले.

नेमकं लिहिण्याची सवयही अशीच मुद्दाम लावावी लागते. मोठ्या दुर्बिणीवर वेळ मिळवायचा तर प्रस्ताव लिहावा लागतो आणि मागणी उपलब्ध वेळेच्या कितीतरी पट असते. हाच तारा का, इतकेच तास का, हे दुसऱ्या विषयातल्या परीक्षकाला थोडक्या पानांत पटवायचं. हबल दुर्बिणीच्या प्रस्तावांवरची नावं २०१८पासून परीक्षकांना दिसत नाहीत. मोठ्या नावाचा आधार गेला, वाक्यंच बोलायला हवीत.

सुरुवातीच्या त्या विद्यार्थिनीपुढचं काम लाइन यांच्या कबुलीएवढं थोर नाही, पण किचकट आहे. निरीक्षणवही उघडायची, ‘२.४० वाजता पातळ ढग’ अशा नोंदी शोधायच्या, तेजस्विता न बदलणाऱ्या शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून आलेख पुन्हा काढायचा. तोच ठेका शेजाऱ्यांतही दिसला, तर शोध गेला.