ड्रॅक्युला : चित्रपटरूपांतरे

आयरिश लेखक ब्रॅम स्टोकर (१८४७–१९१२) यांच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) या कादंबरीवर आधारलेले चित्रपट. मूळ कथा रोजनिश्या, पत्रे, तारा आणि वृत्तपत्रीय कात्रणे यांतून उलगडते. त्यांत काउंट ड्रॅक्युला या रक्तपिपासू उमरावाची स्वतःची रोजनिशी नाही. ट्रान्सिल्व्हेनियातील (आजच्या रूमानियातील एक प्रदेश) पहिली चार प्रकरणे सोडली, तर तो फारसा दिसतही नाही. पडद्यावर त्याला दिसावेच लागते आणि रूपांतरांमधील बहुतेक फरक येथूनच सुरू होतात.

रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये वेताळपंचविशीचा इंग्रजी अवतार सिद्ध करताना वेताळासाठी ‘व्हँपायर’ हा शब्द योजला. ते समीकरण टिकणारे नाही. वेताळ प्रेतात संचार करतो, तो रक्तावर जगत नाही; कोकणात तर वेतोबा हा ग्रामरक्षक देव आहे. प्रस्तुत नोंदीत म्हणून ‘व्हँपायर’साठी ‘रक्तपिपासू’ हाच शब्द वापरला आहे.

ड्रॅक्युलाचे नाव लावणारा एक हंगेरियन मूकपट १९२१ ते १९२३ च्या दरम्यान दाखवला गेला. त्याची प्रत उपलब्ध नाही आणि त्यात स्टोकर यांचे कथानक जवळजवळ नसावे. त्यामुळे पहिल्या रूपांतराचा मान एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांच्या ‘नोस्फेरातू’ (१९२२) या जर्मन मूकपटाकडे जातो. निर्मात्यांनी हक्क घेतले नव्हते. काउंटचे ऑरलॉक आणि लंडनचे विसबोर्ग एवढ्या बदलाने भागेल, अशी त्यांची समजूत असावी. स्टोकर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी दावा लावला आणि १९२५ मध्ये प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला. तोवर काही प्रती परदेशी गेल्या होत्या, म्हणून चित्रपट वाचला.

‘नोस्फेरातू’ या शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत. स्टोकर यांनी तो एमिली जेरार्ड यांच्या ट्रान्सिल्व्हेनियातील लोकसमजुतींवरील लेखातून (१८८५) घेतला. जेरार्ड तो ‘रक्तपिपासू’ या अर्थाचा रूमानियन शब्द म्हणून देतात. पण त्या भाषेत या रूपाचा शब्द रूढ असल्याचे दिसत नाही. रोगवाहक या अर्थाच्या ‘नोसोफोरोस’ या ग्रीक शब्दाशी त्याचा संबंध जोडणारे मत लोकप्रिय आहे. त्या लोकप्रियतेला मुर्नाऊ यांच्या चित्रपटातील उंदरांनी आणि प्लेगने बळ दिले असावे, कारण भाषिक पुरावा तुटपुंजा आहे. ‘नेसुफेरित’ (असह्य) किंवा ‘नेकुरात’ (अशुद्ध, पर्यायाने सैतान) या रूमानियन शब्दांचा तो अपभ्रंश असावा, हे मत अधिक संभाव्य वाटते. मात्र हा दोष एकट्या जेरार्ड यांच्या ऐकण्याचा म्हणता येत नाही. १८६० च्या दशकातील एका जर्मन लेखातही हेच रूप आढळते.

सूर्यप्रकाशाने मरण ही कल्पना कादंबरीतली नाही. तेथे काउंट लंडनच्या पिकॅडिलीत दिवसाढवळ्या हिंडतो, फक्त त्याच्या शक्ती तेवढा वेळ आटतात. त्याचा अंत सूर्यास्ताच्या वेळी, पाठलाग करणाऱ्यांपैकी हार्करची कुकरी आणि मॉरिसचा सुरा यांनी होतो. खुंटी त्याच्या छातीत कोणी ठोकत नाही. पहाटेच्या उन्हात विरून जाणारा रक्तपिपासू ही ‘नोस्फेरातू’ची देणगी होय.

हॉलिवुडचा १९३१ चा चित्रपट (दिग्दर्शक टॉड ब्राउनिंग) कादंबरीपेक्षा रंगभूमीचा अधिक ऋणी आहे. हॅमिल्टन डीन यांचे नाटक (१९२४) जॉन बाल्डरस्टन यांनी अमेरिकेसाठी सुधारून लिहिले आणि बेला लुगोसी यांनी १९२७ मध्ये ब्रॉडवेवर त्यात काउंट रंगवला. रात्रीचा पोशाख घातलेला अदबशीर उमराव तेथूनच पडद्यावर आला. पुस्तकातल्या काउंटला पांढऱ्या लांब मिशा आहेत. त्याच सेटवर रात्री जॉर्ज मेलफर्ड यांनी स्पॅनिश आवृत्ती चित्रित केली. कॅमेऱ्याच्या हालचालींत ती इंग्रजीपेक्षा सरस असल्याचे मत अलीकडे बळावले आहे आणि ते ग्राह्य वाटते.

टेरेन्स फिशर यांच्या १९५८ च्या ब्रिटिश रंगीत चित्रपटात (काउंट : क्रिस्टोफर ली) रक्त लाल दिसले. लांब सुळ्यांचा मान मात्र त्याला देता येत नाही. ते १९५३ च्या एका तुर्की चित्रपटात आधीच दिसतात. काउंट म्हणजेच वलाकियाचा (आजच्या रूमानियातील एक प्रदेश) पंधराव्या शतकातील राजा व्लाद तेपेश, हे समीकरणही त्या तुर्की चित्रपटात येऊन गेले होते. मॅकनॅली आणि फ्लोरेस्कू या इतिहासकारांच्या १९७२ च्या ग्रंथाने ते पक्के केले. स्टोकर यांच्या टिपणांत विल्किन्सन यांच्या १८२० च्या पुस्तकातून घेतलेले ‘ड्रॅक्युला’ हे नाव आहे, व्लादचे चरित्र नाही. म्हणून या समीकरणावरील ड्रॅक्युला-अभ्यासक एलिझाबेथ मिलर यांचा आक्षेप डावलता येत नाही. फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनी १९९२ मध्ये स्टोकर यांचे नाव शीर्षकातच घेतले, तरी व्लादची पुनर्जन्म घेतलेली प्रेयसी ही भर कादंबरीबाहेरची आहे. तशी कल्पना १९७४ च्या जॅक पॅलन्स-अभिनीत दूरचित्रवाणी-चित्रपटातही होती. मूळ कथेला सर्वांत जवळचे रूपांतर बहुधा बीबीसीचे (१९७७) आहे.

वेर्नर हेर्त्सोग (१९७९) आणि रॉबर्ट एगर्स (२०२४) यांनी स्टोकरऐवजी मुर्नाऊचाच आधार घेतला.

दक्षिण आशियात लाहोरचा ‘जिंदा लाश’ (१९६७) १९५८ च्या ब्रिटिश चित्रपटाच्या वळणाने जातो. मुंबईत रामसे बंधूंच्या ‘बंद दरवाजा’ (१९९०) मध्ये काउंटची छाप दिसते, पण कथानक स्वतंत्र आहे.