देवावर सोडणं म्हणजे गप्प बसणं नव्हे
‘अन्याय झाला तरी ख्रिस्ती माणसानं तक्रार करू नये, न्याय देवावर सोडावा,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. आधार बायबलमधल्या रोमकरांस पत्र १२:१९ चा. पण तिथं मनाई आहे ती सूड घेण्याची, दाद मागण्याची नव्हे. हे लिहिणाऱ्या प्रेषित पौलालाच फिलिप्पै शहरात चौकशीविना छड्या मारून, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकलं होतं. सकाळी सुटकेचा निरोप आला, तर तो हललाच नाही. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, म्हणाला. ते आले, विनवण्या केल्या. पुढे त्यानं थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली. मार खाणाऱ्या बाईला हे वचन दाखवून घरी परत पाठवणाऱ्यांनी पुढचा अध्यायही उघडावा. १३:४ मध्ये वाईट करणाऱ्याला शासन करणाऱ्या अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हटलंय.