मिशीवाल्या माशाच्या कानातला खडा

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. चार-पाच जणांनी मिळून धरलेला अजस्र राखाडी मासा आणि खाली मजकूर: 'उजनीत सापडला माणसं ओढणारा राक्षस, पुढे पाठवा.' दोन दिवसांत तो भाजीवाल्या मावशींच्या मोबाइलवरही पोचला.

फोटो उजनीचा नव्हताच. मे 2005 मध्ये थायलंडमधल्या चिआंग खोंगजवळ मेकाँग नदीत सापडलेला हा महाकाय कॅटफिश, म्हणजे मिशीवाला मासा. लांबी 2.7 मीटर, वजन 293 किलो. माणसं ओढायचं सोडा, मोठेपणी त्याच्या तोंडात दातही राहत नाहीत. शेवाळ आणि पाणवनस्पती खाऊन हे धूड वाढतं. धरणं आणि अतिमासेमारीमुळे आज ते नामशेष व्हायच्या बेतात आहे. उजनीच्या भीमा नदीत माणसं बुडतात ती वाळू उपसून झालेल्या खड्ड्यांत. पण वाळूवाल्याचं नाव घेण्यापेक्षा माशावर खापर फोडणं सोपं.

आपल्याकडेही मोठे मिशीवाले मासे आहेतच. शिवडा तर मासळीबाजारात सगळ्यांच्या ओळखीचा. त्याहून दांडगा गूंच. खडकाळ, वाहत्या पाण्यात राहणारा. त्याची एक जात कर्नल साइक्स यांनी 1839 साली शास्त्रात नोंदवली ती पुण्याच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यावरून. तेच पाणी पुढे भीमेतून उजनीत येतं.

हे मासे नदीत किती लांब जातात, हे कळायची युक्ती मला फार आवडते. माशाच्या डोक्यात, कानाच्या पोकळीत चुन्याचे बारीक खडे असतात: कर्णाश्म. तोल सांभाळणं आणि ऐकणं हे त्यांचं काम. खड्यावर जन्मापासून थरावर थर चढतात, पिल्लाच्या वयात तर रोज एक. हाड शरीर मोडतं आणि पुन्हा बांधतं. कर्णाश्माचं तसं नसतं, एकदा बसलेला थर तसाच राहतो.

आता शाळेतली आवर्तसारणी आठवा. कॅल्शियमच्या खालच्याच घरात स्ट्रॉन्शियम बसतं. स्वभाव इतका सारखा, की खडा बनताना कॅल्शियमच्या जागी नदीच्या पाण्यातलं थोडं स्ट्रॉन्शियमही घुसतं. स्ट्रॉन्शियमचे अणू वेगवेगळ्या वजनाचे असतात; या भावंडांपैकी 86 आणि 87 आपल्या कामाची. रुबिडियम-87 चा ऱ्हास होऊन स्ट्रॉन्शियम-87 तयार होतं, पण इतक्या सावकाश की निम्मं रुबिडियम संपायला सुमारे 4,900 कोटी वर्षं लागावीत. म्हणजे खडक जितका जुना आणि त्यात रुबिडियम जितकं जास्त, तितकं त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात 86 च्या तुलनेत 87 जास्त. हा फरक बहुतेक वेळा दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या घरात असतो, तरी यंत्राला तो पकडता येतो. खडा मधोमध घासून लेझरने गाभ्यापासून कडेपर्यंत खरवडत गेलं, की मासा कुठल्या पाण्यात जन्मला आणि पुढे कुठे कुठे गेला ते क्रमाने वाचता येतं. गाभा म्हणजे माहेर, कड म्हणजे पकडला ती जागा.

ॲमेझॉनमधल्या दोरादो नावाच्या मोठ्या कॅटफिशचे खडे असेच वाचले गेले. अँडीज पर्वताच्या पायथ्याशी अंडी घातली जातात, पिल्लं प्रवाहासोबत वाहत समुद्राजवळच्या मुखापर्यंत पोचतात आणि मोठी झाल्यावर पुन्हा माहेरच्या उपनदीकडे निघतात. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हा जाऊन-येऊन प्रवास सुमारे 11,600 किलोमीटरचा भरतो. गोड्या पाण्यातच राहणाऱ्या कुठल्या माशाचा याहून लांब प्रवास आपल्याला माहीत नाही. आणि याच वाटेवर, ॲमेझॉनच्या मदेरा या उपनदीत, सांतो अंतोनियो आणि जिराव ही दोन धरणं उभी राहिली. भिंत वर जाणाऱ्याला अडवते हे कुणालाही कळतं. खाली येणाऱ्या पिल्लांची पंचाईत मात्र पटकन लक्षात येत नाही. त्यांचं वाहन म्हणजे प्रवाह, आणि धरणामागच्या संथ पाण्यात तेच वाहन थांबतं.

उजनीही असंच संथ पाणी. वाहत्या पाण्यातल्या गूंचला ते मानवणारं नाही. शिवडा संथ पाण्यात तगतो, तरी धोक्यातल्या जिवांच्या जागतिक लाल यादीत तोही 'असुरक्षित' आहे. बारीक आसाच्या जाळ्यांत त्याची पिल्लं वयात येण्याआधीच जातात. त्यात पुण्याकडून सांडपाणी येतं. शिवाय शेततळ्यांत चोरून वाढवलेला, बंदी असलेला आफ्रिकन मांगूर हा परदेशी मिशीवाला मासा नदीत सुटला की समोर येईल ते खातो. त्याची तळी नष्ट करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये दिला होता.

खड्याची युक्ती आपल्या नदीत फारच छान चालावी. सोलापूरचा खडक दख्खनचा काळा बसाल्ट, वय जेमतेम साडेसहा कोटी वर्षं, रुबिडियम कमी. भीमा पुढे रायचूरकडे जाते तिथले खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने. खालून वर आलेल्या माशाच्या खड्यात हा बदल उमटायला हवा. भीमेवरच्या चिंचपूर, औज अशा बंधाऱ्यांनी ही वाट कितपत उरली आहे, तेही त्यावरूनच कळेल.

मागच्या रविवारी मी शिवड्याचं डोकं मागून घेतलं. कापणारे मामा म्हणाले, "रस्सा करणार काय?" खडा म्हटल्यावर त्यांनी नुसतं पाहिलं. घरी तासभर खटपट केली. एक खडा सुरीखाली चुरला, दुसरा निघाला, डाळीच्या दाण्याहून लहान. काडेपेटीत कापूस घालून ठेवलाय.