डीईएफचा हिशेब: टाकीतले द्रावण नक्की जाते कुठे?

नव्या डिझेल पिकअपला बहुधा दोन टाक्या असतात. पहिलीचा हिशेब बहुतेक जण चोख ठेवतात: इतके लिटर डिझेल, इतके किलोमीटर. निळ्या झाकणाच्या दुसऱ्या टाकीत मात्र डॅशबोर्डवर सूचना आली की डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, म्हणजे धूर स्वच्छ करणारे द्रावण) ओतायचे आणि विसरून जायचे, अशीच रीत पडली आहे. यात मोठी माहिती हातची जाते. ईजीआर झडप (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी) अडकणे, नॉक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोजणारा) बिघडणे, डीईएफ फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडाशी युरिया साचणे, या गोष्टींची पहिली चाहूल अनेकदा डीईएफच्या खपातच लागते, आणि तीही इंजिनचा दिवा पेटण्याच्या बरीच आधी.

डीईएफ म्हणजे वजनाने ३२.५ टक्के युरिया आणि बाकी अतिशुद्ध पाणी. हे प्रमाण मुद्दाम निवडलेले आहे. याच प्रमाणात द्रावणाचा गोठणबिंदू सर्वांत खाली, उणे ११ अंश सेल्सिअसला येतो, आणि गोठताना पाणी व युरिया वेगळे न होता एकत्रच गोठतात, त्यामुळे वितळल्यावर ताकद तीच राहते. गरम धुरात या द्रावणाचा फवारा उडाला की पाण्याची वाफ होते, युरिया फुटून अमोनिया तयार होतो आणि एससीआर उत्प्रेरकावर हा अमोनिया नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी, म्हणजे नॉक्सशी, संयोग पावतो. शेवटी उरतात नायट्रोजन वायू आणि पाण्याची वाफ.

या क्रियेतले वजनाचे गणित ठरलेले आहे, आणि सगळा हिशेब त्यावरच उभा राहतो. ६० ग्रॅम युरियापासून मिळणारा अमोनिया ९२ ग्रॅम नॉक्स संपवतो (नॉक्सचे वजन नायट्रोजन डायऑक्साइडच्या हिशेबाने धरायची पद्धत आहे). म्हणजे १ ग्रॅम नॉक्ससाठी सुमारे ०.६५ ग्रॅम युरिया. द्रावणात युरिया ३२.५ टक्केच असल्याने हाच आकडा द्रावणात मांडला तर १ ग्रॅम नॉक्सला २ ग्रॅम डीईएफ लागते. एवढे एक सूत्र लक्षात ठेवले तरी पुढचे सगळे स्वतः काढता येते.

समजा रिकामी पिकअप किलोमीटरला १ ग्रॅम नॉक्स इंजिनाबाहेर टाकते. १,००० किलोमीटरला २ किलो डीईएफ लागेल. द्रावणाची घनता लिटरला १.०९ किलो, म्हणजे सुमारे १.८४ लिटर. तेवढ्याच अंतरात १२० लिटर डिझेल जळाले असेल तर डीईएफ डिझेलच्या दीड टक्का झाले. आता मागे जड ट्रेलर जोडा. नॉक्स किलोमीटरला २.५ ग्रॅमवर गेला आणि डिझेल १,००० किलोमीटरला १८० लिटर लागले, तर डीईएफ ४.६ लिटर जाईल. किलोमीटरच्या हिशेबाने खप अडीच पट झाला. डिझेलच्या तुलनेत मात्र तो दीडवरून सुमारे अडीच टक्क्यांवर आला. म्हणून नोंदवहीत किलोमीटरमागे डीईएफ लिहिण्यापेक्षा डिझेलच्या किती टक्के ते लिहावे. भार वाढला की डिझेल आणि डीईएफ सोबत वाढतात, त्यामुळे हा आकडा कमी हेलकावे खातो आणि त्यातला खरा बदल डोळ्यांत भरतो. दुसऱ्याच्या गाडीच्या टक्केवारीशी तुलना करू नये. ईजीआरवर जास्त भर देणारे इंजिन मुळातच नॉक्स कमी करते आणि डीईएफ कमी पिते. ईजीआर कमी वापरणारे इंजिन डिझेल वाचवते, पण डीईएफ जास्त मागते. तुलना करायची ती आपल्याच गाडीच्या मागच्या भरण्याशी.

मोजायचे कसे? डॅशबोर्डवरच्या काट्यावर किंवा पट्ट्यांवर विसंबू नका. टाकीतला पातळी-सेन्सर द्रावण हिंदकळले, गाडी उतारावर उभी असली किंवा आत बर्फ असला की चुकतो, आणि भरल्यानंतर नवी पातळी दाखवायला अनेक गाड्या बराच वेळ घेतात. खात्रीची पद्धत जुनीच आहे: टाकी पूर्ण भरा, ओडोमीटर लिहा, नंतरच्या प्रत्येक डिझेल भरण्याचे लिटर लिहित जा, आणि पुढच्या वेळी त्याच सपाट जागेवर, त्याच खुणेपर्यंत डीईएफ भरून किती लिटर मावले ते पाहा. ‘पूर्ण’ म्हणजे नेमके कुठे, यात पाव ते अर्धा लिटर चूक सहज होते, फेस आला तर आणखी थोडी. २ लिटर भरले असतील तर ती चूक निकाल बिघडवते. १५ लिटरमध्ये ती फारशी जाणवत नाही. म्हणून दर वेळी थोडे थोडे ओतत असाल तर अनेक भरण्यांची बेरीज करूनच टक्केवारी काढा. कडाक्याच्या थंडीत टाकी गळ्यापर्यंत भरू नका, गोठताना द्रावण सुमारे ७ टक्के फुगते.

दुसरा हिशेब गाडीच्या संगणकाकडे असतो. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकाशी जोडायची जागा) स्कॅनर लावून डोसिंगचा, म्हणजे डीईएफच्या फवाऱ्याचा, दर वाचता येतो. तो बहुधा तासाला ग्रॅम किंवा सेकंदाला मिलिग्रॅम असा येतो. दर सेकंदाला नोंद करून बेरीज केली की संगणकाने एकूण किती डीईएफ मागितले ते कळते. समजा बेरीज १३,०८० ग्रॅम आली. १.०९ ने भागून १,००० ने भागले की १२ लिटर. पण टाकीत १५ लिटर मावले. मग ३ लिटर गेले कुठे? पाणी कुठेतरी मुरते आहे. टाकीचा जोड, पंपाची सील, नळीची टोके आणि डोसिंग इंजेक्टरचा तळ टॉर्च घेऊन पाहा. डीईएफ गळले की पाणी उडून जाते आणि पांढरे, खारट दिसणारे स्फटिक मागे राहतात, त्यामुळे गळती लपत नाही. बाहेर काहीच सापडले नाही तर इंजेक्टर बंद असतानाही आत ठिबकत असण्याचा संशय घ्यावा.

उलटेही घडते. संगणक म्हणतो १२ लिटर दिले, टाकीतून गेले ९. बहुतेक यंत्रणांमध्ये डीईएफच्या वाटेवर प्रवाहमापक नसतो. पंपाचा दाब आणि इंजेक्टर किती वेळ उघडा होता, यावरून संगणक मात्रा गृहीत धरतो. छिद्र अर्धे बुजले तरी त्याचा आकडा तोच राहतो. म्हणून स्कॅनरवर ‘प्रत्यक्ष मात्रा’ असे दिसले तरी तो अंदाजच समजावा आणि टाकीशी ताडून पाहावा.

खप घटला म्हणून खूश होणे ही या विषयातली सर्वांत महाग चूक आहे. धूर सुमारे १८० ते २०० अंशांच्या खाली असला तर संगणक फवारा सोडतच नाही, त्यामुळे छोट्या फेऱ्या आणि उभ्या गाडीत चालू ठेवलेले इंजिन यांमुळे खप आपोआप कमी दिसतो. तसे काही नसताना टक्केवारी पडली तर फिल्टर तुंबला आहे, पंप दाब धरत नाही किंवा इंजेक्टरच्या तोंडाशी थर साचला आहे. हा थर नुसत्या युरियाचा असेल तर गरम शुद्ध पाण्यात विरघळतो. पण युरिया अर्धवट तापत राहिला तर त्यातून बाययुरेट आणि पुढे सायन्युरिक आम्ल बनते. ते पाण्याला सहज दाद देत नाही आणि ३०० अंशांच्या पुढे तापल्याशिवाय जात नाही. थंड धूर आणि सततच्या छोट्या फेऱ्या या दगडाला पोसतात. अधूनमधून भार घेऊन लांब पल्ला मारला तर तो वाढत नाही.

खप वाढला आणि गळती नाही, तर नजर इंजिनाकडे वळवा. ईजीआर झडप बंद स्थितीत अडकली किंवा ईजीआर कूलर काजळीने तुंबला की ज्वलन जास्त तापते, नॉक्स वाढतो आणि डीईएफची मागणी त्याच प्रमाणात वाढते. उत्प्रेरकाआधीचा नॉक्स सेन्सर जास्त वाचू लागला तरी हेच होते, फरक इतकाच की इंजिन निर्दोष असते आणि जादा अमोनिया मागून बाहेर पडतो. इथे एक गुंता आहे. उत्प्रेरकानंतरचा सेन्सर अमोनियालाही नॉक्सच समजतो. त्यामुळे मागचा आकडा वाढला म्हणजे डीईएफ कमी पडते आहे असे लगेच म्हणता येत नाही. मात्रा वाढवल्यावर मागचा आकडा उतरला तर डीईएफ खरेच कमी पडत होते. चढला तर अमोनिया निसटतो आहे. ही चाचणी कार्यशाळेतल्या स्कॅनरने इंजिन आणि उत्प्रेरक गरम असतानाच करावी.

द्रावणच पातळ असेल तर हे सगळे निदान फसते. आयएसओ २२२४१ या मानकानुसार युरिया ३१.८ ते ३३.२ टक्क्यांत असावा लागतो. डीईएफसाठीच्या रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रावणाची ताकद दाखवणारे छोटे उपकरण) थेंबभर टाकून हे क्षणात तपासता येते. पण रिफ्रॅक्टोमीटर शुद्धता सांगत नाही: कॅल्शियमची मर्यादा किलोला ०.५ मिलिग्रॅम आहे, आणि नळाचे पाणी ती कितीतरी पटींनी ओलांडते. शेतीचा युरिया पाण्यात कालवून ताकद जुळवता येईल, उत्प्रेरक मात्र त्यातल्या अशुद्धींनी कायमचा निकामी होऊ शकतो. साठवणही सांभाळा. सतत २५ अंशांखाली ठेवलेले डीईएफ १८ महिने टिकते, ३० अंशांखाली १२ आणि ३५ अंशांखाली जेमतेम ६. तांबे, पितळ, जस्त आणि साधे लोखंड यांच्या भांड्यांत किंवा नरसाळ्यांत ते ओतू नका. प्लॅस्टिक किंवा स्टेनलेस स्टील चालते.

चुकून डिझेलच्या टाकीत डीईएफ गेले तर किल्लीसुद्धा फिरवू नका, कारण इंधनपंप चालू झाला की द्रावण उच्चदाब पंपापर्यंत पोहोचते. तिथे गंज आणि स्फटिक दोन्ही होतात. आणि रोजची एक सवय: इंजिन बंद केल्यावर मिनिट-दोन मिनिटे मागून बारीक गुणगुण ऐकू येते. पंप नळीतले डीईएफ परत टाकीत ओढत असतो. तो आवाज थांबेपर्यंत बॅटरीचा मुख्य स्विच बंद करू नका. नळीत राहिलेले द्रावण सुकून पुढच्या वेळी इंजेक्टर बुजवते आणि नोंदवहीतला आकडा कारण नसताना घसरतो.