आधी कागद, मग मदत : सातपुड्यातल्या शेतीची पार्श्वभूमी

नंदुरबारच्या सातपुड्यात, धडगाव-मोलगीकडे, शेतीच्या योजनेचा विषय निघाला की अनुदान किती, हा प्रश्न नंतर येतो. आधी विचारलं जातं, पट्टा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा कागद, आहे का? विहीर असो, ठिबक असो की फळबाग, सगळ्याची वाट त्या एका कागदावरून जाते. ही अट काही ऑनलाइन अर्जाचं पोर्टल आल्यावर जन्मली नाही.

१८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे आला, पण डोंगरातले भिल्ल त्यांना जुमानेनात. नुसत्या फौजेनं भागत नाही म्हटल्यावर १८२५ मध्ये दोन कामं एकदम सुरू झाली. औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला. दुसरीकडे कन्नडच्या बाजूला ओव्हान्स या दुसऱ्या अधिकाऱ्यानं भिल्लांना जमिनीवर बसवायला घेतलं. त्यासाठी बैल, बियाणं आणि तगाई, म्हणजे शेतीसाठीचं सरकारी कर्ज, दिली. खान्देशातल्या डोंगरी शेतकऱ्याला इंग्रजांची मदत मिळाली ती अशी. शेती पिकावी यापेक्षा माणूस एका जागी राहावा, हा तिचा हेतू होता.

तगाई त्याआधीही होतीच. तिचे पक्के कायदे झाले ते १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर. १८८३ चा कायदा विहिरी, बांध अशा जमीन सुधारणेच्या कामांसाठी, १८८४ चा बी-बियाणं आणि बैलांसाठी. वसुली शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी. म्हणजे ज्याच्या जमिनीची मोजणी झालेली, ज्याच्या नावावर सारा लागलेला, तो सरकारला विश्वासाचा. तापीकाठच्या काळ्या रानात कापूस पिकवणाऱ्याला हे जमणारं होतं. सातपुड्यात मात्र १८७८ च्या वनकायद्यानंतर डोंगरच्या डोंगर राखीव झाले. तिथं कसणारा एक तर अतिक्रमणदार ठरला, नाही तर 'एकसाली'वाला, वर्षापुरती जमीन मिळालेला. पुढच्या पावसाळ्यात हे शेत आपलं असेल की नाही हेच ठाऊक नसलेला माणूस बांध कशाला घालील?

पाणी आणि माती राखायला खान्देशाला कुणी बाहेरून येऊन शिकवलं, असंही नाही. धुळ्याकडच्या पांझरा नदीवरची फड पद्धत तीनेकशे वर्षांची तरी आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट, पाटाखाली फड, म्हणजे शेतांचे गट. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ऊस कुठल्या फडात आणि भुसार कुठल्या, हे दरसाल बैठकीत ठरायचं. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, दोघांचा मेहनताना शेतकऱ्यांकडून. वर धरणं झाली, नदीचा वाहता प्रवाह आटला आणि बरेचसे फड मोडले. पण फड हीसुद्धा नदीकाठच्या सपाटीची सोय. अक्राणीच्या, म्हणजे धडगावकडच्या, उतारावर तिचा उपयोग नव्हता.

बांधबंदिस्तीला सरकारी रूप आलं १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यानं. खर्चाचा वाटा पुन्हा जमीनमालकाकडून वसूल, म्हणजे पुन्हा मालक हवाच. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर लाखो हात लागले, पाझर तलाव आणि नालाबांध झाले. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. १९८३ पासून पाणलोट हा शब्द कृषी खात्यात रुळला. डोंगरातल्यांच्या वाट्याला यातून मजुरी आली. शेतकरी म्हणून त्यांची नोंद झाली नाही.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं दुसऱ्या टोकानं सुरुवात केली. १९९० च्या दशकात चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी आधी जंगल राखलं. कुऱ्हाडबंदी केली, झाड तोडणाऱ्याला दंड लावला, श्रमदानातून चर खोदले आणि बांध घातले. विहिरींना पाणी आलं, मग शेती सुधारली. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. सरकारी अधिकारी बारीपाडा पाहायला जातात हे चांगलंच, पण योजनेचा क्रम आपल्याकडे अजून उलटाच आहे.

कागदाची गाठ थोडी सैल झाली २००६ च्या वनहक्क कायद्यानं. त्यामागे शहादा-तळोद्यापासूनच्या आदिवासी संघटनांचे मोर्चे आहेत. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला कमाल चार हेक्टरपर्यंतचा हक्क मिळू लागला. १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार वनहक्काच्या दाव्यांच्या बाबतीत राज्यातल्या मोठ्या जिल्ह्यांपैकी. पुढे आदिवासी शेतकऱ्यांसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आली. तिच्यात नव्या विहिरीला अडीच लाख रुपयांचं अनुदान होतं. कागद हाती आल्यावर मदतही डोंगर चढली.

तरी वाटा सारख्या नाहीत. जागतिक बँकेच्या कर्जावरचा पोकरा, म्हणजे हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीचा प्रकल्प, २०१८ मध्ये सुरू झाला तेव्हा खान्देशातून त्यात जळगाव होता. धुळे, नंदुरबार नव्हते. त्याच वर्षी नंदुरबारचं नाव देशाच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत झळकलं. वनपट्टा विकता येत नाही, म्हणून बँक तारणाला नाक मुरडते. वाटणी झाली नसली की तीन भावांचं शेत एकाच नावावर राहतं आणि अर्जही एकाचाच होतो. आता योजनांच्या अर्जाच्या महाडीबीटी पोर्टलला शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि तो क्रमांक उभा आहे सातबाऱ्याच्या नोंदीवर.